विकरीच्या ओसरीवरची काठी

१

साहेब, वांगणीच्या पुढे, जुन्या खाणीच्या तळ्याकाठी तुम्ही जो काळा दगड बसवला आहे त्यावर खोटं कोरलंय. आणि ते खोटं आहे हे दगड बसायच्या सोळा दिवस आधी तुम्हाला लेखी कळवलं होतं. पोच माझ्यापाशी आहे. तुमच्या कचेरीचा गोल शिक्का, आवक नंबर, खाली कारकुनाची सही. तेव्हा 'नजरचुकीने झालं' हे दुसऱ्या कोणाला तरी सांगा.

तुमच्या कचेरीचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाचंही नाही, कारण तिथे अजून तीच घराणी नांदतात आणि मला आजच्या माणसांशी भांडायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचंय.

दगडावर काय आहे ते वाचणाऱ्यांसाठी लिहितो. 'रेल्वेच्या खाणीचे ओव्हरसियर टॉमस विकरी यांचा १ एप्रिल १८८९ रोजी या ठिकाणी गावचा वेसकर गोमा याने खून केला.'

याने खून केला. 'आरोप होता' नाही, 'म्हणतात' नाही. कोणत्या कोर्टाने ठरवलं? कोणत्याच नाही. गोमावर खटला उभाच राहिला नाही. पकडल्यापासून अकराव्या दिवशी तो तालुक्याच्या कोठडीत जुलाब होऊन मेला आणि फाइल बांधून ठेवली गेली. एकशे सतरा वर्षं ती फाइल गप्प होती. तुम्ही मात्र बोललात.

रेल्वेमार्गाला दीडशे वर्षं झाली म्हणून विकरीचं पडकं थडगं तुम्ही डागडुजी करून उभं केलंत, भोवती साखळी लावलीत, फार्महाऊसला येणाऱ्या पाहुण्यांसाठी रस्त्यावर बाण काढलेत. चांगलं केलंत. पण गोमाची नात जिवंत आहे. विठाबाई, वय ब्याऐंशी, मुक्काम अंबरनाथ पूर्व. आणि या विठाबाईंची नात माया त्याच गावच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेची वाट थडग्यावरूनच जाते. पहिली-दुसरीतली मुलं येता-जाता अक्षर अक्षर जोडून दगड वाचतात आणि मग वर्गात जाऊन मायासमोर बसतात.

दगड बसवणार ही बातमी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेपरात आली, मजकुरासकट. तेव्हापासून आमच्या हातात दीड महिना होता. त्यात खुनी सापडला पाहिजे होता, नाहीतर निदान गोमा सुटला पाहिजे होता.

२

आम्ही म्हणजे चौघं. डिग्री इतिहासाची एकाचीही नाही. मी राजेंद्र, अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला. माधवीबाई, बदलापूरच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. विनीत, कॉल सेंटरला रात्रपाळी करणारा, दिवसा झोपायचं सोडून ऑर्कुटवर विकरीच्या खुनाची कम्युनिटी चालवणारा. आणि लछमनभाई. उल्हासनगर चार नंबरला त्यांचं झेरॉक्सचं दुकान. मुंबईहून मिळवलेल्या फाइलची चौसष्ट पानं मी पहिल्यांदा त्यांच्याकडे झेरॉक्सला घेऊन गेलो, आणि मशीनवर पान ठेवता ठेवता हा माणूस वाचत बसला. तासाभराने म्हणाला, "पैसे बाद में. पहले बताओ, मारा किसने?"

तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत, कागदाच्या रिमांवर बसून आमचा वाद.

फाइलमधली एकसष्ट पानं इंग्रजी, तीन मोडीतली. मोडी मी पुस्तकावरून शिकलोय, अडखळत वाचतो. प्रकरण असं: विकरीचा बंगला खाणीला लागून. संध्याकाळी तो एकटा ओसरीवर बसायचा. एक एप्रिलला रात्री आठच्या सुमाराला खाणीचा मुकादम बबन आला तर साहेब खुर्चीतून खाली पडलेला, डोकं फुटलेलं. शेजारी काठी. टोकाला लोखंडी कड्याची, म्हणजे वसवीची, वर घुंगरं बांधलेली. गावात अशी काठी एकच, वेसकराची. वेसकर म्हणजे गावच्या वेशीचा राखणदार. पाटलाचा कागद तालुक्याला पोचवायचा, साहेबाचं सामान वाहायचं, आणि काठीच्या घुंगरांच्या आवाजाने गावाला कळायचं की कोण येतंय. दोन दिवसांपूर्वी विकरीने गोमाला लाथ मारली होती. झालं. सकाळी गोमाला बांधून नेला.

"मुकादम," विनीतचं दर रविवारी हेच. "विकरीने त्याला पट्ट्याने फोडला होता. बॉडी कोणाला सापडली? त्यालाच. विषय संपला."

"पान बावीस काढ," माधवीबाई म्हणाल्या. "दिवेलागणीपासून आठपर्यंत मुकादम स्टेशनात खडीच्या वाघिणी भरून घेत होता. स्टेशनमास्तर सांगतोय, गार्ड सांगतोय. दोघं खोटं बोलतात का?"

"बाई, तुम्ही ना पेपर तपासल्यासारखं करता."

"तू नापास होतोस त्याला मी काय करू?"

लछमनभाईंचं घोडं भलतीकडेच अडलेलं. "लोटा. मेरेको लोटे का बताओ. लिस्ट में लोटा है, कोणी लोट्याचं नावच घेत नाय."

ती यादी पंचनाम्यातली. बंगल्याच्या मागच्या अंगणात, मुकादमाच्या खोलीपाशी सापडलेल्या वस्तू, एकाखाली एक इंग्रजीत उतरवलेल्या. सात नंबर: लांब बांबू एक, भिंतीला टेकवलेला. नऊ नंबर: पितळी तांब्या एक. बारा नंबर: रंगीत रेशमी कापड एक. तेरा नंबर: झाडाचा पाला. या चार ओळींवर आम्ही तीन रविवार घातले. विनीत म्हणायचा, बांबूला रेशमी कापड बांधून कोणीतरी गाडीतल्या साथीदाराला खूण केली. मी म्हणायचो, डोकं तांब्याने फोडलं आणि काठी नंतर आणून ठेवली. लछमनभाई म्हणायचे, पाला बकरी का है, बकरी किधर गयी.

आणि किसन. हे कोडं मी मोडीतून काढलेलं. दोन एप्रिलला पाटलाने खुनाची खबर तालुक्याला कळवली. त्या कागदाखाली ओळ आहे: 'गावचा वेसकर किसन याजबरोबर रवाना.'

"एवढंसं गाव, त्याला दोन वेसकर?" विनीत म्हणाला. "एक आत गेला आणि दुसरा लगेच हजर. हा किसन गोमाचा पार्टनर असणार."

माधवीबाईंचा संशय पहिल्यापासून पाटलावर. खाणीने गावाचं गायरान गिळलं होतं. पाटील अर्ज घेऊन गेला तर विकरीने तो सगळ्यांसमोर फाडला. कारण पुरेसं होतं. पण पाटलाची जबानी चोख होती. ती मी इथे जशीच्या तशी मराठीत देतो, कारण सगळं तिच्यात आहे आणि आम्ही चौघं तिच्यावरून बैलासारखे चालत गेलो.

'दिवेलागणीला गोमा रोजच्याप्रमाणे काठी घेऊन बंगल्याकडे जाताना मी चावडीतून पाहिला. मी त्यानंतर ओरडा होईपर्यंत चावडीतच बसून होतो. दरम्यान चावडीत कोणी आले नाही व कोणी गेले नाही.'

विठाबाईंच्या घरी आम्ही एकदाच गेलो होतो. विठाबाईंना आम्ही काय विचारलं? आजोबा रागीट होते का. दारू प्यायचे का. मायाने चहा दिला आणि दाराशी पोचवायला आली. "तुम्हाला वादात मजा येते हे दिसतंय मला," ती म्हणाली. "आमच्या माणसाचं नाव दगडावर चढतंय. तुमची मजा संपली की सांगा."

तरी पुढच्या रविवारी पुन्हा लोट्यावरच बसलो.

३

तीस मार्च, गुरुवार. गुढीपाडवा. मी कामावरून येऊन अंघोळीला निघालो होतो तेवढ्यात फोन वाजला.

"राजेंद्र, यादी काढ," माधवीबाई. दम लागल्यासारख्या बोलत होत्या. "पंचनाम्याची. काढलीस?"

"बाई, काय झालं?"

"मी आत्ता गुढी उतरवली. काठी बाल्कनीत भिंतीला टेकवली. तांब्या कट्ट्यावर ठेवला. खण घडी करायला घेतला आणि कडुलिंबाचा पाला पडला खाली. आणि मी तशीच उभी राहिले. आता वाच. सात, नऊ, बारा, तेरा."

मी वाचलं. बांबू, तांब्या, रेशमी कापड, पाला.

"ऐकतोयस ना? सूर्य मावळायच्या आत मुकादमाच्या बायकोने गुढी उतरवून ठेवली होती. खून झाला त्या दिवशी पाडवा होता."

मी खाटेवर बसलो. दरवर्षी आमच्या खिडकीबाहेर गुढी असते. लहानपणापासून बांबूला तेल लावायचं काम माझं. आणि तीन रविवार मी त्या तांब्याने विकरीचं डोकं फोडत होतो. का? कारण ते इंग्रजीत लिहिलं होतं, सुटं सुटं, आकडे घालून. मुंबईहून मिळवलेले साहेबाचे कागद. त्या कागदांसमोर आमचं घर आम्हालाच ओळखू आलं नाही.

"बाई, अंदाज झाला हा," मी म्हणालो. "एक एप्रिलला पाडवा पडतो का?"

"बदलापूर गावात जोशीबुवांकडे जुनी जंत्री आहे. उद्या शुक्रवार, तुमची एमआयडीसी बंद. सकाळी आठला ये."

४

जोशीबुवांनी जंत्री फडक्यात गुंडाळून ठेवलेली. पानं बोटाला लागून तुटत होती. बुवा चष्मा वर करून, डोळा पानाला चिकटवून वाचू लागले.

"शके अठराशे अकरा. चैत्र शुद्ध प्रतिपदा." बोट आडवं सरकलं. "सोमवार. इंग्रजी तारीख पहिली एप्रिल, अठराशे एकोणनव्वद."

माधवीबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. पस्तीस वर्षं मुलांना घातलेला, सवयीचा हात.

विनीतला फोन केला. झोपेतून उठलेला. म्हणाला, "बरं, पाडवा होता. मग? सणाच्या दिवशी खून झाला. काठी तर गोमाचीच ना? आपण आहे तिथेच आहोत."

खरं होतं. पाडवा सापडला, पण त्याने गोमा सुटत नव्हता. रिक्षात बाई म्हणाल्या, निदान पाडवा होता एवढं तरी विठाबाईंना सांगू. अंबरनाथला उतरून पूर्वेला, बुद्धविहाराच्या मागच्या चाळीत गेलो. विनीत तिथे येऊन उभा होता, डोळे लाल. माया शाळेत गेलेली. विठाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"जय भीम, आजी."

"जय भीम. या. आज काय इचारता? आजा मिशा ठेवायचा का?"

विनीत हसला. बाई खाली त्यांच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "विचारत नाही, सांगायला आलोय. ज्या दिवशी तो साहेब मेला ना, त्या दिवशी पाडवा होता."

विठाबाईंचा हात सुपात थांबला.

"कंचा पाडवा? गुडीचा?"

"हो."

"सकाळचा मेला का सांजचा?"

"संध्याकाळी."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, जसं काही आम्ही चेष्टा करतोय. "मंग आज्याजवळ काठी आली कुठनं?"

आम्हाला काही कळेना.

"अरं बाबांनो, वेसकरकी काय जल्माची व्हती का? पाळी व्हती. एक साल ह्या घरची, एक साल त्या घरची. वाड्यात सात घरं, सात सालानं पाळी फिरून यायची. माझ्या बापानं तीन पाळ्या केल्या, मी डोळ्यानं बघितलंय. साल संपायचं पाडव्याला. पाडव्याच्या सकाळी जुना वेसकर काठी चावडीत नेऊन ठेवायचा, पाटलाच्या म्होरं, आन् रिकाम्या हातानं घरी यायचा. त्या दिवशी त्याला कुणी काम सांगायचं न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील नव्या पाळीवाल्याला बोलवायचा, नारळ द्यायचा, काठी द्यायचा. मधली रात गावाला वेसकरच नसायचा. काठी चावडीत, खुंटीला."

"आजी," माझा आवाज चढला असावा, कारण शेजारची बाई डोकावली. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं का? तुमी दारूचं इचारलं." त्या माझ्यावर रोखून बघत होत्या. "आन् पाडवा व्हता हे मला कुणी सांगितलं? माझी आजी, गोमाची बायको, ती सांगायची, नवरा घरात जेवत व्हता, काठी घरात नव्हती. पर साहेबाचा कागद काय म्हनतो, किती तारीख म्हनतो, तिला काय ठाव? कागद तुमच्याकडं. काठी आमच्याकडं."

एकशे सतरा वर्षं अर्धी गोष्ट फाइलमध्ये होती आणि अर्धी या चाळीत. फाइलला पाळी माहीत नव्हती. चाळीला तारीख माहीत नव्हती.

विनीत हळूच म्हणाला, "किसन. दोन एप्रिलला किसन वेसकर. पार्टनर नव्हता तो. त्याची पाळी लागली होती."

"किसन?" विठाबाई म्हणाल्या. "किसनाचं घर आमच्याला लागून. त्याला लोक बिनकाठीचा वेसकर म्हनायचे, आजी सांगायची. का, ते काय तिनं सांगितलं न्हाय."

५

उल्हासनगरला त्या दिवशी चेटीचंड, सिंध्यांचं नववर्ष. रस्त्यात ढोल, झुलेलालची मिरवणूक, प्रत्येक नाक्यावर सरबताच्या टाक्या. लछमनभाईंचं दुकान बंद. घरी गेलो तर नवा झब्बा घालून बसलेले. ऐकलं आणि चाव्या घेऊन उठले. बायको आतून सिंधीत काहीतरी ओरडली. "आज के दिन शटर खोलेगा तो झुलेलाल माफ करेगा, वो नही करेगी," ते म्हणाले आणि ताहिरीचा डबा, म्हणजे सणाचा गोड भात, काखोटीला मारून आमच्या पुढे निघाले.

दुकानात बसून त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग बोट वर केलं. "आजी बोली, ठीक. मैं मानता हूँ. वो साहेब लोग मानेगा? बोलेगा, बुढिया की कहानी. कागद पाहिजे. पाळी बदलली, असा कागद."

"किसनची ओळ आहे," विनीत म्हणाला.

"ते म्हणतील दोन वेसकर होते. तूच म्हणत होतास," माधवीबाई म्हणाल्या.

मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "राजेंद्र, मोडीतली पानं तीन. एक खबर, एक मयताचा दाखला. तिसरं?"

मला लाज वाटते सांगायला. तिसरं पान मी पुरतं वाचलंच नव्हतं. शाई फिकट, वरच्या दोन ओळीत 'मुद्देमाल' आणि 'परवानगी' लागलं, म्हटलं कारकुनी आहे, सोडून दिलं. माधवीबाईंनी ते पान काढून माझ्यापुढे सरकवलं.

"लाओ इधर." लछमनभाईंनी पान मशीनवर ठेवलं. शाई गडद केली, आकार दुप्पट. एक कॉपी काळी पडली. दुसरी पांढरी. तिसरी निघाली आणि अक्षरं वर आली, पाण्यातून मासे यावेत तशी. मी बोट ठेवून वाचू लागलो. विनीत वहीत उतरवत होता. बाहेरचा ढोल इतका जवळ आला की मला प्रत्येक शब्द दोनदा म्हणावा लागत होता.

'ता. ५ एप्रिल सन १८८९. पाटील याजकडून अर्ज. गावची वेसकराची काठी खुनाचे मुद्देमालात जमा आहे. सालाची पाळी बदलून किसन वेसकर कामावर आला, त्यास काठी नाही. सबब नवी काठी करणेस परवानगी व्हावी.'



"सालाची पाळी बदलून," माधवीबाई म्हणाल्या. "पाटलाच्या सहीने."

लछमनभाईंनी डबा उघडला आणि प्रत्येकाच्या हातावर ताहिरी ठेवली. विनीतच्या हातावर दोनदा.

६

आता सरळ मांडतो, साहेब. तुमच्या कचेरीत आम्ही दहा एप्रिलला दिलं ते हेच. तेव्हा वाचलं नसेल तर आता वाचा.

काठी गावात एकच होती. ती माणसाची नव्हती, कामाची होती. एक एप्रिलला पाडवा होता, हे जंत्री सांगते. पाडव्याला पाळी बदलते, हे विठाबाई सांगतात, आणि पाळी बदलून किसन आला हे पाटील स्वतः लिहून देतो. म्हणजे त्या संध्याकाळी काठी गोमाकडेही नव्हती आणि किसनकडेही नव्हती. ती चावडीत होती.

तरी पाटील शपथेवर सांगतो, गोमा 'रोजच्याप्रमाणे काठी घेऊन' जाताना पाहिला. ज्या माणसाने सकाळी ती काठी स्वतः ठेवून घेतली त्याने हे सांगितलं. ही चूक होऊ शकत नाही. हे खोटं आहे, आणि फासाच्या दोरीइतकं लांब आहे.

विनीतने शेवटपर्यंत भांडून पाहिलं, त्याचं श्रेय त्याला देतो. म्हणाला, गोमानेच चावडीत जाऊन काठी उचलली असेल तर? माधवीबाईंनी पाटलाचीच जबानी त्याच्यापुढे ठेवली. 'चावडीत कोणी आले नाही व कोणी गेले नाही.' स्वतःला वाचवायला पाटील म्हणाला की मी चावडीतच होतो. बरं, होतास. काठीही तिथेच होती. मग तुझ्या डोळ्यांदेखत ती खुंटीवरून उतरून खाणीपर्यंत चालत गेली का? एकतर ती त्याने नेली, नाहीतर त्याने कोणाच्या तरी हातात दिली. तिसरा रस्ता त्याने स्वतःच्या तोंडाने बंद केला.

आणि मारणाऱ्याने घुंगरांची काठीच का घेतली? गावात कोयते होते, कुऱ्हाडी होत्या. काठी मारायला घेतली नव्हती. मागे ठेवायला घेतली होती. इंग्रज साहेब विचारणार, ही कोणाची, आणि पाटील सांगणार, वेसकराची. कालपर्यंत वेसकर कोण होता हे सगळ्यांनी पाहिलेलं, विकरीची लाथ खाताना. आज कोण, हे त्या इंग्रजाला कोण सांगणार? वाड्यातली सात घरं सांगू शकत होती. त्यांची एकही जबानी फाइलमध्ये नाही. तालुक्याच्या फौजदाराला पाळी माहीत नव्हती असं मी मानत नाही. प्रत्येक गावात पाळी होती.

पाटलाने स्वतः मारलं की मारवलं, हे मी शपथेवर सांगणार नाही. मला तेवढं माहीत नाही. जे माहीत नाही ते मी दगडावर कोरत नाही.

सव्वीस एप्रिलला तुम्ही दगड उघडलात. मंडप, खुर्च्या, नारळ. विठाबाईंना यायचं होतंच. छप्पन सालानंतर त्या गावात पहिल्यांदा पाय ठेवत होत्या. त्या वर्षी धर्म बदलल्यावर वाड्याने काठी चावडीपुढे ठेवली ती कायमची, आणि त्यांच्या बापाने घर अंबरनाथला आणलं. वांगणी स्टेशनवरून रिक्षाने त्यांना आणलं. माया शाळेची मुलं रांगेत घेऊन उभी होती, तुमच्याच पत्रकावरून, स्वागतगीताला. पडदा बाजूला झाला. जे आम्ही खोडायला सांगितलं होतं ते सोनेरी रंगात होतं.

मुलं वाचू लागली. अक्षर जोडून, मोठ्याने, जसं मायाने शिकवलंय तसं. 'गो-मा या-ने' इथवर आली आणि मायाने त्यांना थांबवलं नाही. शेवटच्या शब्दापर्यंत वाचू दिलं. मग रांग वळवली आणि स्वागतगीत न म्हणता शाळेत घेऊन गेली. त्याबद्दल तिला नोटीस आली आहे. तीही तुमच्या सांगण्यावरून.

तुमचा माणूस विठाबाईंजवळ आला, सुटाबुटातला, नम्र. म्हणाला, "आजी, एवढ्या वर्षांपूर्वीचं. आता कशाला उकरून काढता?"

"म्या न्हाय उकरलं, बाबा," त्या म्हणाल्या. "तुमी कोरलंय."

तो म्हणाला की आपला अर्ज विचाराधीन आहे. आज जून उलटला. मी चार वेळा तुमच्या जिन्यावरून चढलो-उतरलो. एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा फाइल सापडत नाही. चौथ्या वेळी कारकुनाने खरं ते सांगितलं: दगड झालाय, बिल निघालंय, आता बदलायची तरतूद नाही. म्हणजे माणसाला खुनी ठरवायची तरतूद आहे आणि सोडवायची नाही.

विठाबाईंना तुमची माफी नको. पाटलाचं नाव कोरा असंही त्या म्हणत नाहीत. त्या घरातल्या आजच्या माणसांनी काय केलंय, असं त्याच मला सांगतात. त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि तो प्रश्न मी आता सगळ्यांदेखत विचारतो.

एक एप्रिल अठराशे एकोणनव्वदला, पाडव्याच्या संध्याकाळी, पाटील चावडीत बसला असताना, चावडीतली काठी विकरीच्या ओसरीवर कोणी नेली? माहीत असेल तर सांगा. माहीत नसेल तर गोमाचं नाव तुम्ही कोणत्या कागदावरून घेतलंत तो कागद दाखवा. आमची चौसष्ट पानं तुमच्या टेबलावर आहेत. तुमचं एक पान काढा, साहेब. लेखी, तारीख घालून, सहीनिशी.